कौसाबाईच्या कार्डावरचा चेहरा

दुपारचं जेवून आडवा झालो की अजून तीच रांग डोळ्यांपुढून जाते. शाळेच्या भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर, तिच्यापुढं हेडमास्तरांची लाकडी खुर्ची, आणि एकामागून एक येऊन बसणारी माणसं. बसतात, पाटी छातीशी धरतात, समोर बघतात, उठतात. मी पुकारा करायला तोंड उघडतो, पण आवाज फुटत नाही. तरी माणसं आपापली उठून येतच राहतात. बायको म्हणते, झोपेत नंबर पुटपुटता. चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली, पंचनामे केले, टंचाईत टँकर लावले, मोर्चे अंगावर घेतले. त्यातलं काही स्वप्नात येत नाही. येतं ते माळेटाकळीच्या शाळेचं पटांगण.

जालना जिल्हा झाला त्याच साली मी नोकरीला लागलो. जिल्हा नवा, मीही नवा, त्यामुळं कुठं काय ठेवलंय ते दोघांनाही सापडत नव्हतं. तालुका कोणता ते सांगत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, ऑफिसची नव्हे. मला दिली निवडणूक शाखा. ही तहसिलातली सगळ्यांत झोपाळू खोली. निवडणूक लागली की अख्खं तहसील तिच्या दारात उभं राहतं, आणि निकाल लागला की कुत्रं फिरकत नाही. मग उरतो कारकून आणि त्याच्या मतदार याद्या. मेलेल्यांची नावं तांबड्या शाईनं कापायची, लग्न होऊन आलेल्यांची घालायची, एवढंच काम.

पण त्या याद्यांनी मला लळा लावला. उन्हाळ्याच्या दुपारी पंखा कुरकुरत असायचा आणि मी यादी वाचता वाचता गावात शिरायचो. घर क्रमांक बारा: म्हातारा, म्हातारी, दोन लेक, दोन सुना. पुढच्या यादीत म्हातारा नाही. त्याच्या पुढच्या यादीत घराचे दोन क्रमांक झालेले, म्हणजे भाऊ वेगळे निघाले. म्हातारी कुणाकडं गेली ते यादीवरून कळायचं आणि मी उगाच त्या धाकट्या लेकाला मनातल्या मनात शाबासकी द्यायचो. ज्या गावात कधी पाऊल टाकलं नाही त्या गावातल्या चुली मला पाठ होत्या.

त्या काळी मतदाराचं कार्ड नव्हतं. मग माणूस ओळखायचा कसा, असं आता नातवंडं विचारतात. तर मतदान केंद्रात पहिला अधिकारी यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचा. मोठ्यानं अशासाठी, की बाजूच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असायचे आणि ते गावातलेच असायचे. नाव ऐकून, तोंड बघून त्यांनी मान डोलावली की बोटाला शाई लागायची. कुणाला शंका आली तर दोन रुपये भरून हरकत घ्यायची, मग केंद्राध्यक्ष चौकशी करायचे. थोडक्यात, गावानं ओळखलं की सरकारनं ओळखलं.

यात घोळ होत नव्हते असं नाही. माळेटाकळीचे आसाराम पाटील एका निवडणुकीत मत द्यायला गेले. शाई लावून घेताना सहज यादीवर नजर गेली, तर बापाच्या नावापुढं खूण झालेली. बाप जाऊन सहा महिने झाले होते. नाव कापायचं राहिलं ही आमची ढिलाई, आणि त्या नावावर कुणीतरी हात मारून गेला ही गावाची. ‘बाप मत देऊन गेला, आन मला भेटला बी न्हाई,’ असं आसारामराव पुढं वर्षानुवर्षं सांगायचे. सांगताना हसायचे, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

म्हणून फोटोच्या ओळखपत्राची बातमी आली तेव्हा अख्ख्या तालुक्यात आसारामरावांएवढा आनंद कुणाला झाला नसेल. दिल्लीहून म्हणे सांगितलंय, कार्ड नाही तर मतदान नाही. वर्तमानपत्रांत रोज वाद. कुणी म्हणे खोटं मतदान थांबेल, कुणी म्हणे गरिबाचं मत जाईल. आमच्याकडं हा वाद वाटूरच्या फाट्यावर, चहाच्या हॉटेलात चालायचा. मी तिथं गाडी बदलायला उतरलो की दोन्ही बाजू मलाच धरायच्या, जसं काही कार्ड मीच काढलं.

दुसऱ्या बाजूला होते बन्सीशेठ. माळेटाकळीत त्यांचं किराणा दुकान. चार पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं घर, आता बोलणं चालणं सगळं इथलं. शेठजींचं म्हणणं साधं होतं. गावात चेहरा हेच कार्ड. ऊसतोडीला गेलेली माणसं फोटोच्या दिवशी कारखान्यावर असणार, त्यांनी काय करायचं? आणि आसारामरावांना ते तोंडावर म्हणायचे, ‘पाटील, तुमच्या बापाचं मत कुणी टाकलं ते अख्ख्या बाकाला दिसलं होतं. बाक गप बसला. तिथं कार्ड काय करणार?’ आसारामराव शांतपणे कपबशी खाली ठेवायचे. ‘बाकावरचं माणूस भितं, शेठ. कार्ड भीत न्हाई.’

मला दोघांचंही पटायचं. नोकरीत हा माझा मोठा दोष. ज्याला दोन्ही बाजू पटतात त्याला साहेब लोक कच्चा समजतात, आणि ते बरोबरच असतं.

फोटोचा दिवस हिवाळ्यातला होता. उन्हं कोवळी, शिवारात ज्वारी गुडघ्याएवढी, आणि शाळेच्या पटांगणात अख्खं गाव नवे कपडे घालून जमलेलं. जत्रा म्हणावी तर गोंगाट नाही. बायांनी लग्नातली लुगडी, शालू काढले होते. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास सगळ्या पटांगणावर पसरला होता. निम्म्याअधिक लोकांचा जन्मात फोटो निघाला नव्हता, त्यामुळं आपण कसे दिसणार याची एक हुरहूर सगळ्यांच्या तोंडावर होती. मला ती हुरहूर फार आवडली. सरकारी कामाला इतकी नटूनथटून आलेली माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत.

फोटो काढायला जालन्याचे एक वयस्कर फोटोग्राफर आले होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचांनी मला काम समजावलं. यादीतल्या क्रमानं नाव पुकारायचं, पाटीवर खडूनं तो नंबर लिहून माणसाच्या हातात द्यायची, पाटी छातीशी धरून फोटो. पुढं जालन्याला नंबर बघून चेहरा त्या त्या नावाच्या कार्डावर चिकटवणार. ‘बाबू, कॅमेऱ्याला नाव समजत नाही. त्याला फक्त नंबर समजतो. क्रम तेवढा बिघडू देऊ नका,’ असं ते दोनदा म्हणाले.

गिऱ्हाइकं एकेक नामी होती. एका म्हाताऱ्यानं श्वास धरला तो फोटो झाल्यावरही सोडेना, त्याच्या लेकानं पाठीत थाप मारली तेव्हा सुटला. एक जण बैलासकट बसायचं म्हणत होता, मतदार मी असलो तरी घर त्याच्यावर चालतं म्हणाला. बन्सीशेठच्या सुनेचा घुंगट कमरेपर्यंत. चाचा हात जोडून म्हणाले, बेटी, चेहरा लागतो. तेव्हा शेठजी स्वतः उठले, सगळ्यांच्या देखत पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि मग सुनेनं घुंगट वर केला. घरात येऊन तिला सात वर्षं झाली होती आणि सासऱ्यानं तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कार्ड आल्यावरही शेठजींनी ते पालथं धरून तिच्याकडं पाठवलं.

दुपार कलायला लागली तेव्हा मी पुकारलं, ‘दोनशे चौदा, सुभद्रा विठ्ठल.’

रांगेत सासूसुना उभ्या होत्या. सासू कौसल्याबाई, गाव त्यांना कौसाबाई म्हणायचं. साठी ओलांडलेली, काटक, पहिल्या निवडणुकीपासून एकही मतदान न चुकवलेली बाई. सून सुभद्रा, कडेवर दीड-दोन वर्षांची पोरगी. यादी करणाऱ्या मास्तरांनी घराचा मालक म्हणून लेकाचं नाव आधी घातलं होतं, मग त्याची बायको, मग आई. कागदावर त्यात काही वावगं नाही. पण सुभद्रानं स्वतःचं नाव ऐकून सासूकडं पाहिलं. चार लोकांत सासूच्या आधी सुनेनं खुर्चीवर बसायचं? कौसाबाई सरळ पुढं आल्या, माझ्या हातातली दोनशे चौदाची पाटी घेतली आणि बसल्या. फोटो निघाला. मग मी ‘दोनशे पंधरा, कौसल्या नारायण’ पुकारलं, आणि पोरीला सासूच्या कडेवर देऊन सुभद्रा येऊन बसली. पोरगी काही आईला सोडेना. सासू तिला घेऊन खुर्चीच्या मागं उभी राहिली तरी पोरीनं हात लांबवून आईचा पदर धरलाच. चाचांनी तसाच फोटो काढला.

हे मला दिसलं नाही असं मी पुढं कितीतरी वर्षं कागदोपत्री म्हणत आलो. दिसलं होतं. नुसतं याच घरी नाही, ज्या ज्या घरात सून यादीत वर आणि सासू खाली होती तिथं तिथं हेच झालं. मी मनात म्हणालो, जाऊ दे, संध्याकाळी बसून जुळवून घेऊ. संध्याकाळी चाचांची गाडी लागलेली, मला वाटूरची शेवटची बस पकडायची. कुठल्या घरात अदलाबदल झाली ते कुठं टिपून ठेवलेलं नाही. चौकट चौकट भरलेलं रजिस्टर इतकं देखणं दिसत होतं की त्यात काही चुकलं असेल असं माझं मलाच वाटेना.

कार्डं आली ती जवळजवळ वर्षानं. कोतवालाला सोबत घेऊन मी पारावर वाटायला बसलो आणि गावात हसण्याचा नुसता लोळ उठला. सासूच्या नावावर सुनेचं तोंड, सुनेच्या नावावर सासूचं. एकोणीस घरं. एका म्हातारीनं लाजून पदर तोंडाला लावला, म्हणाली, सरकारनं पुन्हा नवरी केलं. मीही हसलो. उरलेली कार्डं मात्र मी हळूच पालथी घातली.

कौसाबाई शेवटी आल्या. एकट्याच. त्या पावसाळ्यात सुभद्राला ताप आला होता, तो डोक्यात गेला आणि जालन्याला नेता नेता वाटेत ती गेली. तिचं नाव यादीतून मीच तांबड्या शाईनं कापलं होतं. कापताना चुटपुट लागली होती, पण चेहरा आठवला नव्हता. आता आठवला, कारण कौसाबाईंच्या नावाच्या कार्डावर तोच होता. मोठे डोळे, जरा घाबरलेले, आणि खांद्यावर कोपऱ्यातून आलेली चार इवलीशी बोटं.

त्यांनी कार्ड हातात घेतलं. वाचता येत नव्हतं, पण कार्डाचं काय वाचायचं असतं. बराच वेळ बघत राहिल्या. मी हळूच म्हणालो, कौसाबाई, फोटो चुकलाय, हे परत द्या, दुसरं करून आणतो. त्यांनी मान हलवली, कार्ड चंचीत घातलं आणि निघून गेल्या. सुभद्राच्या नावाचं कार्ड, त्यावर कौसाबाईंचा चेहरा, माझ्याकडं उरलं. मयत मतदाराचं कार्ड नष्ट करायचं असा नियम. ऑफिसात कात्रीनं त्याचे चार तुकडे मी केले. जिवंत बाईचा चेहरा कापतोय हे कळत होतं आणि तरी हात चालत होता.

बाकीच्या अठरा घरांचं मी गुपचूप निस्तरलं. जुनी कार्डं गोळा केली, दुसऱ्या फेरीत नवे फोटो काढून घेतले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘छायाचित्र अस्पष्ट.’ छायाचित्रं लख्ख होती. अस्पष्ट होता तो मी. कौसाबाईंच्या नावापुढं लिहिलं, ‘मतदार गैरहजर.’ त्या घरीच होत्या.

दोनेक वर्षांनी निवडणूक लागली. तोवर दिल्लीचा आग्रह जरा सैल झाला होता, कार्ड नसेल तर दुसरा काही पुरावा चालेल असं म्हणत होते. पण ज्याच्याकडं कार्ड आहे त्यानं दाखवायचं. आणि फोटो जुळला नाही तर ते कार्ड जमा करून घ्यायचं, असं आम्हाला तोंडी सांगितलेलं. मी जीपमधून केंद्रं बघत फिरत होतो. माळेटाकळीला पोचलो तेव्हा दुपार होती. आत बाकावर आसारामराव एका बाजूचे, बन्सीशेठ दुसऱ्या बाजूचे. केंद्राध्यक्ष म्हणून बदनापूरकडचे एक मास्तर, गरीब माणूस, कपाळावरचा घाम पुसत होते. त्यांच्यापुढं कौसाबाई उभ्या.

हरकत आसारामरावांनी घेतली होती. शेठजी म्हणत होते, मी या बाईला चाळीस वर्षं ओळखतो, अजून काय पाहिजे. आसारामरावांचा चेहरा ओढलेला होता. लहानपणी ते कौसाबाईंच्या घरी जेवलेले. ते म्हणाले, ‘काकू काकूच हाये, म्या कुठं न्हाई म्हणतो? पण कार्डावरची बाई काकू न्हाई. आज काकूला सोडलं तर उद्या कुणाला अडवू?’ चूक नव्हतं त्यांचं. बापाचं मत गेलेला माणूस होता तो.

मास्तरांनी समजुतीनं मार्ग काढला. आजी, हे कार्ड इथं जमा करा, रेशनकार्ड आणा, ते बघून मी मत देऊ देतो. कौसाबाईंनी विचारलं, जमा केल्यावर याचं काय करता? मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, नियमाप्रमाणं नष्ट करतात.

‘मंग मत राहू द्या,’ त्या म्हणाल्या.

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. मास्तर, ही चूक माझी आहे, मी तसं लिहून देतो, कार्ड त्यांच्याकडंच राहू द्या आणि मत घ्या. तसं लिहून दिलं असतं तर ती अठरा ‘अस्पष्ट’ छायाचित्रं उघडी पडली असती. माझी बढती टेबलावर होती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. पटांगणात उन्हाचा नुसता लख्ख पांढरा पडदा, त्यातून कौसाबाई चालत चालत लहान होत गेल्या. पहिल्या निवडणुकीपासून त्यांच्या बोटाला शाई लागली नाही असं कधी झालं नव्हतं; आज होत होतं, आणि ते करणारा मी होतो. मला माझी लाज वाटली. जीप सुरू झाल्यावर वाटली, हेही सांगून टाकतो.

मग माझी बढती झाली, भोकरदनकडं बदली झाली. पाच-सहा वर्षांनी मी त्याच तहसिलात परत आलो. तोवर संगणक आले होते, याद्यांतच फोटो छापायचं ठरलं होतं. ज्यांचा फोटो नाही किंवा जुळत नाही त्यांची नावं वेगळी काढून घरोघर तपासणी करायची, आणि माणूस सापडला नाही तर नाव वगळायचं. माळेटाकळीच्या वेगळ्या काढलेल्या नावांत पहिलंच होतं कौसल्या नारायण. शेरा: ‘छायाचित्र जुळत नाही. मतदार सहकार्य करत नाही.’ अक्षर माझंच होतं, त्या मतदानानंतर ‘गैरहजर’ खोडून मीच लिहिलेलं.

मी स्वतः गेलो. कौसाबाई अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. पाठीला बाक आलेला. मधल्या कुठल्याच निवडणुकीला त्या गेल्या नव्हत्या. त्या इवल्या बोटांची पोरगी आता दहा-अकरा वर्षांची झाली होती, तिनं मला पाणी दिलं. मी म्हणालो, कौसाबाई, या खेपेला ते कार्ड दिलं नाही तर तुमचं नावच यादीतून जाईल. कायमचं.

‘गेलं तर जाऊ द्या. माझं नाव तवाच जायचं होतं.’

मला कळेना. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

‘भाऊसाहेब, त्या दिवशी पुकारा तिचा आल्ता, उठले मी. मंग पावसाळ्यात दुसरा पुकारा आला. तो माझा होता. उठून गेली ती.’

मी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

‘मी म्हातारी. नंबर माझाच लागायचा. पाटी म्याच बदलली.’

आठ-नऊ वर्षं ही बाई हे उराशी घेऊन जगत होती. मी तिला हट्टी समजत होतो, सहकार्य न करणारी लिहीत होतो. फोटोच्या मायेनं ती कार्ड सोडत नाही एवढंच मला वाटलं होतं. माया होतीच. पण त्या कार्डात तिचा गुन्हा होता, आणि तो तिनं केलेलाच नव्हता. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, चूक तुमची नाही, माझी होती. पण तोंडी बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. सरकारी माणसाच्या तोंडी बोलण्यावर कुणाचा बसतो?

मी बॅगेतून कागद काढला आणि तिथंच, त्यांच्या अंगणात, माझ्या नोकरीतला सगळ्यांत चांगला अहवाल लिहिला. अठरा घरांसकट सगळं लिहिलं. मग पोरीला जवळ बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी असं होतं: ‘क्रम तपासण्याची जबाबदारी माझी होती. ती मी पार पाडली नाही. सदर अदलाबदल माझ्याच हलगर्जीपणामुळे झाली असून यात मतदार कौसल्याबाई यांचा काहीही दोष नाही.’

कौसाबाई म्हणाल्या, ‘ते शेवटचं पुन्हा वाचा.’

मी वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा पोरीनं वाचलं, ‘काहीही दोष नाही.’

‘हे सरकार म्हणतं का तुमी?’

‘लिहिलं मी. पण याच्यावर शिक्का सरकारचा बसणार.’

‘मंग बराबर हाये,’ त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत होत्या.

जुन्या कार्डाचं काय करायचं, तो प्रश्न होताच. नियमाच्या पुस्तकात नीट बघितलं तर रद्द करायचं एवढंच लिहिलेलं होतं, नष्ट करायचं नव्हे. मी कात्री घेतली. पोरगी म्हणाली, माझा हात कापू नका. मी नंबराच्या बाजूचा एक कोपरा नखाएवढा कापला. झालं, कार्ड रद्द. एवढीशी गोष्ट होती. ती त्या दुपारी मतदान केंद्रात मला सुचली असती तर त्या बाईची मधली सगळी मतं वाचली असती.

अहवालाचं व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस, मग सक्त ताकीद, आणि सेवापुस्तकात तांबड्या शाईची एक ओळ. चौतीस वर्षांत तेवढी एकच. निवृत्तीच्या दिवशी माझी गौरवाची भाषणं झाली, त्यात ती ओळ कुणी वाचली नाही. मी घरी येऊन बायकोला वाचून दाखवली. पुढच्या मतदानाला कौसाबाईंनी बोटाला शाई लावून घेतली, आणि ओळख पटवायला आसारामराव बाकावरून स्वतः उठले, हेही ऐकलं.

पण माझ्या दुपारच्या झोपेत त्या जुन्या रांगेच्या शेवटी येतो तो नव्या फोटोचा दिवस. तेच पटांगण, तशीच पांढरी चादर. चाचांच्या जागी संगणकवाला तरुण. रांगेची व्यवस्था बघायला आसारामराव उभे. कौसाबाई नातीचा हात धरून आल्या आणि पुकारा व्हायच्या आधीच खुर्चीपाशी गेल्या. संगणकवाला म्हणाला, बसा आजी. त्या बसल्या नाहीत. चंचीतून ते कोपरा कापलेलं कार्ड काढलं, खुर्चीवर मधोमध ठेवलं, आणि मागं येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

संगणकवाल्याला वाटलं म्हातारी विसरली. तो कार्ड उचलायला वाकला तसा आसारामरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘थांब. तिचा नंबर चालू हाये.’

सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण पुकारा करायचं काम माझं. नव्या यादीत नंबर वेगळे होते, आणि एक नाव तर कधीच कापलेलं. मी यादी मिटली.

‘दोनशे चौदा,’ मी पुकारलं, ‘सुभद्रा विठ्ठल.’

एक फोटो निघायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ आम्ही सगळे थांबलो. मग नातीनं पुढं होऊन कार्ड उचललं.

‘दोनशे पंधरा. कौसल्या नारायण.’

आणि कौसाबाई आपल्या पुकाऱ्याला पुढं आल्या.